काचपट्टीवरच्या इवल्या केरसुण्या

मी एक जुनी काचपट्टी आहे. लांबीने तुमच्या मधल्या बोटाएवढी, रुंदीने दोन बोटांची आणि कडेला जरा हिरवट. सूक्ष्मदर्शक यंत्राखाली जे पाहायचे, ते माझ्या पाठीवर ठेवतात. मित्रांनो, लोक माझ्याकडे कधी पाहत नाहीत, माझ्या आरपार पाहतात. मला त्याचे कधी वाईट वाटले नाही. आमचे कामच ते.

माझा जन्म भट्टीत झाला. तिथली धगच अशी होती की आठवणी टिकल्याच नाहीत. पुढे मला मोठ्या काचेतून कापले, कडा घासून बोथट केल्या आणि एकोणपन्नास बहिणींबरोबर खाचांच्या लाकडी पेटीत उभे केले. ती पेटी एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत पोहोचली.

प्रयोगशाळेची देखरेख एका बाईंकडे होती. त्यांची भाची त्यांना मावशी म्हणते, म्हणून मीही तसेच म्हणते. मावशी रोज संध्याकाळी आम्हाला साबणाच्या पाण्यात धूत आणि मऊ फडक्याने पुसून पेटीत ठेवत. माझ्या पाठीवर कांद्याचा पापुद्रा आला, डबक्याचे पाणी आले, फुलांचे पराग आले. मुले आम्हाला चिमटीत कशीही धरत. मग मावशींचा आवाज येई, "कडेला धरा रे! काच आहे ती, बसचं तिकीट नाही!"

एकदा एका मुलाने बघता बघता यंत्राची नळी इतकी खाली आणली की भिंग माझ्यावर टेकले. कट्! माझा एक कोपरा उडाला. सरांनी फुटक्या काचांच्या डब्याकडे बोट दाखवले. मावशी मला उजेडात धरून म्हणाल्या, "कोपराच गेलाय सर. पोट शाबूत आहे. चालेल अजून." त्यांच्या त्या शब्दावर मी पुढे वीस वर्षे चालले. त्या दिवशीचे उपकार मी विसरणार नाही.

मग पडद्यावर चित्र दाखवणारी नवी यंत्रे आली. मावशींची निवृत्ती आणि जुन्या यंत्राची अडगळ एकाच महिन्यात ठरली. मावशींनी रीतसर अर्ज करून ते यंत्र आणि आमची पेटी मागून घेतली. "निरोपाला काय हवं विचारलं, तर बाईंनी भंगार मागितलं!" असे कुणीतरी हसत म्हणाले. मावशीही हसल्या आणि आम्हाला घेऊन धाकट्या बहिणीकडे राहायला गेल्या.

तिथे चार वर्षे आम्ही कपाटाच्या माथ्यावर धूळ खात पडलो होतो. मावशींचा एक डोळा गेला होता आणि दुसऱ्याने जेमतेम ठळक अक्षर दिसे. यंत्र खाली काढायचे कशाला, आणि कुणासाठी?

मावशींची बहीण पुस्तके बांधायचे काम करते. तिलाच मी आई म्हणेन, कारण तिची दहा वर्षांची मुलगी घरभर तोच जप करते. या मुलीला सगळे मुंगी म्हणतात. जमिनीवर काय सापडेल त्याचा नेम नाही, म्हणून ती सदा खाली वाकलेली. घराची पुढची खोली म्हणजे आईचा कारखाना. तिथे लोखंडी दाब, सुया, दोरा, कापडाचे तुकडे आणि पिठाच्या खळीचे भांडे असते.

त्या वर्षी वाचनालयाने तिच्याकडे जुन्या पुस्तकांचे तीन गठ्ठे पाठवले होते. दोन गठ्ठ्यांतली पुस्तके बांधून मांडणीत ठेवली होती. एक दिवस आईला त्यातल्या काहींच्या पाठींवर पांढरे-हिरवट डाग दिसले.

"खळ वाळलीय, दुसरं काय," म्हणत तिने पदराने डाग पुसला आणि वर फुंकर मारली. मारली आणि खोकत सुटली. तसा खोकला तिला आठवडाभर होताच.

मुंगी नाक पुस्तकापाशी नेत म्हणाली, "आई, तुझ्या खळीला केस आलेत."

आईने पुन्हा पाहिले आणि तिचा पारा चढला. "म्हणजे बुरशी! ओली पुस्तकं माझ्या गळ्यात मारली की काय यांनी?" तिने तिथल्या तिथे वाचनालयात फोन लावला. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "गठ्ठे आमच्या शिपाईकाकांनी बांधले होते. गच्चीवर ओल्यात ठेवले असतील. तक्रारी आधीच दोन आहेत त्यांच्या नावावर. आता बघतेच मी."

फोन ठेवल्यावर आईच्या डोळ्यांपुढे काका आले. शिपाईकाका म्हणजे गठ्ठा डोक्यावर आणणारे, दारात चप्पल काढून "ताई, सांभाळून हं, म्हातारी पुस्तकं आहेत" म्हणणारे.

इकडे मुंगी नखाने डाग खरवडायला निघाली होती.

"हात मागे!" मावशी ओरडल्या. "आणि नाकही. बुरशीची बीजं धुळीहून बारीक असतात. खरवडलंस की खोलीभर उडतील आणि तुझ्या छातीत जातील. बघायचंय का तुला? मग नीट बघू. ते यंत्र खाली काढा."

मित्रांनो, चार वर्षांनी आमची पेटी उघडली. उजेड पाहून मला भरून आले.

मावशींनी आधी आईला ओसरीवर बसवले. "तुला खोकला आहे, तू आत यायचं नाहीस." मग पंखा बंद केला आणि खिडक्या उघडल्या. दोघींनी नाकावर घट्ट बसणारे मास्क लावले, हातमोजे घातले. डोळ्यांसाठी मुंगीने आपला पोहायचा चष्मा चढवला.

"बेडूक दिसतेय!" आई बाहेरून म्हणाली.

"बेडूक तर बेडूक," मावशी म्हणाल्या. "हं, आता चिकटपट्टीचा तुकडा घे. डागावर अलगद टेकव. घासू नको. उचल, आणि चिकट बाजू खाली करून काचेवर दाब. झालं, बुरशी आत कोंडली." काच बाहेरून स्पिरिटच्या बोळ्याने पुसली. पहिला नमुना असा माझ्या एका बहिणीवर बसला.

यंत्र खिडकीपाशी मांडले. मुंगी त्याचा छोटा आरसा थेट सूर्याकडे वळवू लागली, तेव्हा मावशींनी तिचा हात धरला. "डोळा जाईल! समोरच्या पांढऱ्या भिंतीचा उजेड पुरतो." मग मुंगीने आधी लहान भिंग लावले, नंतर मोठे. मावशींनी तिच्या हाती पेन्सिल दिली.

"माझे डोळे आता तू. वाटतं ते नको काढू, दिसतं ते काढ."

मुंगीने नळी जराशी वर-खाली केली. मग म्हणाली, "दोरेच दोरे आहेत. आणि दोऱ्यांच्या टोकाला... केरसुण्या! इवल्या इवल्या केरसुण्या, आणि त्यांच्याभोवती गोल गोल मणी."

"मणी म्हणजे बीजं," मावशी म्हणाल्या. "बुरशीच आहे. कुठली, ते घरच्या यंत्रावर ठरत नाही. अपायकारक आहे असंच धरून चालायचं. आता ती आली कुठून ते बघू."

न उघडलेला तिसरा गठ्ठा तसाच होता. त्यातल्या एका पुस्तकावरून नमुना घेतला. त्यात कागदाचे तंतू आणि धूळ, बस. "एकात नाही म्हणजे कुठेच नाही, असं नसतं," मावशी म्हणाल्या. आणखी दोन पुस्तके पाहिली. केरसुणी नाही.

मग मावशींनी खळीचे भांडे मागितले आणि पेटीतून मला उचलले. भांड्याच्या काठावरची चिकटपट्टी माझ्या पाठीवर बसली. मुंगीने डोळा लावला आणि हळूच म्हणाली, "मावशी, इथे आहेत. खूप आहेत."

हातमोजे, बोळे पिशवीत घालून पिशवीचे तोंड बांधले. दोघींनी साबणाने हात धुतले. भांडे आणि डागाळलेली पुस्तके झाकली होती, नमुने चिकटपट्टीत बंद होते, म्हणून आता आईला आत बोलावले. तिने डोळा लावला. ती वर बघेना.

"खळ किती दिवसांची?" मावशींनी विचारले.

"आठ," आई म्हणाली. "दोन दिवसांवर ठेवू नये, ठाऊक आहे मला. घाई होती. पुस्तकंही नीट सुकवली नाहीत, तशीच मांडणीत कोंबली."

आईने मला यंत्रावरून काढून हातात घेतले. दुसऱ्या हातात ओले फडके होते. चिकटपट्टीचे टोक तिच्या नखाखाली आले.

"ताई," ती पुटपुटली, "हे कुणाला कळायलाच हवं का? वीस वर्षांत माझ्या कामाला कुणी नाव ठेवलं नाही."

मुंगी चष्मा कपाळावर चढवून आईकडे टक लावून बघत होती. माझ्या कडांना आईच्या बोटांचा घाम लागला होता.

तिने मला टेबलावर ठेवले आणि फोन उचलला. "बाई, मघाशी मी चुकीचं बोलले. पुस्तकं कोरडीच आली होती. बुरशी माझ्या खळीतून गेलीय. काकांना काही बोलू नका. खराब झालेली सगळी मी परत बांधून देते."

मग ग्रंथपालबाई एवढेच म्हणाल्या, "बरं झालं आजच सांगितलंत."

पुढचे काम सोपे नव्हते. खळ फेकली, मांडणी पुसून काढली. सात पुस्तके मावशी आणि मुंगी यांनी मास्क लावून उघड्यावर साफ केली, आणि आईने ती नव्याने बांधली. त्याआधी खोकला दाखवला तेव्हा डॉक्टरांनी तिला पंधरा दिवस त्या खोलीत जाऊ दिले नव्हते. खोकला हळूहळू गेला.

गठ्ठे न्यायला शिपाईकाका आले. मुंगीने त्यांना हाताला धरून यंत्रापाशी बसवले. त्यांनी भलताच डोळा मिटला, मग बरोबर मिटला, आणि बघून खदखदा हसले.

"अगं बाई! एवढ्याशा केरसुणीनं मला नोकरीतून झाडून काढलं असतं की!"

आई हसली नाही. तिने त्यांच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला आणि म्हणाली, "काका, चुकलं माझं."

"बांधणी मात्र झकास झालीय, ताई," ते पुस्तक उलटून म्हणाले.

नमुने घेतलेल्या बाकीच्या काचपट्ट्या मावशींनी पिशवीत बंद करून टाकून दिल्या. मला मात्र ठेवले. चिकटपट्टीच्या चारी कडा नखपॉलिशने बंद केल्या आणि मुंगीने माझ्यावर चिठ्ठी लावली: "खळीचं भांडं, काठ."

मित्रांनो, तुम्हालाही बुरशी पाहायची असेल तर जरूर पाहा. पण घरातले मोठे माणूस जवळ असू द्या, नाक-तोंड झाका आणि काच कडेला धरा. मी मावशींची ऋणी आहे, मुंगीच्या डोळ्यांची ऋणी आहे. पण सर्वांत जास्त ऋणी आहे ती आईची. काचेवरचे पुसून टाकणे फार सोपे असते. त्या दिवशी फडके तिच्या हातात होते, आणि तिने पुसले नाही.