काचेपलीकडची निलम

वारंगा फाट्याजवळच्या एका बंजारा तांड्यावर सेवालाल महाराजांच्या तसबिरीखाली फडक्यानं झाकलेलं जे खोकं दिसतं ना, ते मी. जुना, काळा-पांढरा टीव्ही. मित्रांनो, माझं बटण शेवटचं कधी दाबलं गेलं, ते सांगणारंही आता कुणी उरलेलं नाही.

१९९६ साली प्रेमदासनं मला हिंगोलीहून एसटीनं आणलं, लेकरासारखं मांडीवर घेऊन. त्याची लेक निलम आधी हिंगोलीत, मग नांदेडात नाटकांतून कामं करायची. आता ती मुंबईच्या एका मालिकेत दिसणार होती. पहिल्या दिवशी अख्खा तांडा अंगणात जमला. निलम दिसताच तिची आई अनुसयाबाई पुढे आली आणि लेकीच्या कपाळाच्या जागी माझ्या काचेवर कुंकवाचं बोट टेकवलं. मला देव्हाऱ्यात बसवल्यासारखं झालं.

वर्षभरात प्रेमदास देवाघरी गेला. अनुसयाबाई एकटी राहिली. आधी देवापुढे दिवा, मग मी, हा तिचा रोजचा नेम.

"जेवलीस का गं? किती वाळलीस!" ती मला चिकटून विचारायची.

निलम काचेतून दुसऱ्याच कुणाशी बोलत असायची. दूरचं माणूस मी घरात आणून दाखवत होतो, पण घरातला एक शब्द काही त्याच्यापर्यंत पोचवता येत नव्हता. हेच माझं दुःख, मित्रांनो.

चार वर्षांनी मालिकेतली निलम मेली. घरात मयत झाली की त्या दिवशी चूल पेटवायची नाही, अशी रीत. अनुसयाबाईनं चूल पेटवली नाही.

शेजारची चंदाबाई हसली. "अगं, पोरगी तिकडं मुंबईत जेवून राहिली असंल, अन् तू काहून उपाशी?"

"मलाबी कळतंय ते. पण तिरडीवर पाह्यली ना मी तिला, ह्या डोळ्यांनी."

दुसऱ्या दिवशी तिनं माझ्यावर फडकं टाकलं.

पुढं निलमला कामं मिळेनाशी झाली. सणाला ती धावत यायची, धावत जायची. मग ती लिहू लागली, आणि २००५ साली आपलं पहिलं पुस्तक घेऊन आईकडे आली.

"टीव्हीत होतीस तर दिसत तरी होतीस," अनुसयाबाई म्हणाली. "यात काय दिसंल? मला अक्षर कळत न्हाई."

"मी वाचते, याडी," निलम आईला म्हणाली. "ऐक."

दोघी दारात बसल्या. पुस्तकात एक आई होती. लेक पडद्यावर दिसली की ती रोज तांडाभर साखर वाटायची, तोऱ्यात मिरवायची.

"झूट हाय," अनुसयाबाई मधेच म्हणाली.

"काय झूट?"

"साखर वाटली ती एक दिवस. मग रोज तुला विचारत होते, जेवलीस का. तू बोलतच नव्हतीस."

निलमनं पुस्तक मिटलं.

"न्हाई जेवत होते, याडी. खोलीवर एकटीला घास उतरायचा न्हाई."

मग दोघी बोलत राहिल्या. मी फडक्याखालून ऐकत होतो. नऊ वर्षं माझ्यापुढे पडून राहिलेल्या सवालाला उत्तर मिळालं, तेही माझ्यावाचून. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ राहू द्या. पण दूर गेलेलं आपलं माणूस नुसतं बघत बसू नका. त्याच्याजवळ जाऊन विचारा, आणि ते बोलेपर्यंत उठू नका.