भोकातून गेलेला लेथ

बोल म्हणे. बहात्तर वर्षांत कुणी विचारलं नाही आणि आता ही पोरगी वही घेऊन समोर स्टुलावर बसलीय. "नदीच्या या काठात आणि त्या काठात एवढा फरक का, यावर मला कॉलेजात लिहायचंय. म्हातारबा, तूच सांग," म्हणत तिने माझ्या अंगावर हात ठेवला. हात काळा झाला, तो माझ्याच फडक्याला पुसला. एवढ्यावर विरघळणारा मी नाही. पण मी गप्प बसलो तर तो पलीकडचा बोलेल, आणि त्याने आधीच सगळं घेतलंय. निदान गोष्ट तरी माझी राहू दे.

तर मी लेथ बोलतोय. लोखंडाचा दांडा जबड्यात धरायचा, गरागरा फिरवायचा आणि पोलादी पात्याने सोलत हवा तेवढा बारीक करायचा, हा माझा धंदा. शाळा पाहिली नाही. अंगावर जो नंबर कोरलाय तेवढंच काय ते अक्षरज्ञान.

मी एकटा जन्मलो नाही. एका भट्टीचं लोखंड, एकाच दुपारी दोन साच्यांत ओतलं. आधी तो, मग मी. त्याचा नंबर माझ्या एक आधी. तो एका आकड्याचा मोठेपणा तो आजही मिरवत असणार.

आम्हा दोघांना या पोरीच्या आजोबांनी विकत घेतलं. त्यांना दोन मुलगे. थोरला माझ्या जुळ्यावर काम शिकला, धाकटा माझ्यावर. म्हातारा गेल्यावर वाटणी झाली, प्रत्येकाला एक लेथ. थोरल्याची सासुरवाडी पुलापलीकडे, म्हणजे दुसऱ्या देशात. तो तिकडे निघाला. नदी एक, पाऊस एक, बोली एक, माणसांची नाकंसुद्धा सारखीच. फक्त पुलाच्या दोन टोकांना दोन झेंडे. जुळ्याला दोरखंडांनी बांधून ट्रकवर चढवला तेव्हा मला त्याची कीव आली होती. बिचारा परक्या मुलखात चालला, म्हटलं. आता ती कीव आठवली की माझं मलाच हसू येतं.

तिकडे थोरला सकाळी एका सरकारी खिडकीवर गेला, दुपारी कारखान्याचा दाखला घेऊन आला. एक साहेब आला, यंत्राच्या फिरत्या पट्ट्यावर जाळी बसवलीय का बघितलं आणि गेला. शेजाऱ्याने दोन हात जागा दाबली, तर कोर्टाने आठ महिन्यांत निकाल दिला. जागेचा कागद चोख, म्हणून बँकेने पैसे दिले. जुळ्याच्या शेजारी दुसरा लेथ आला, मग तिसरा. आमच्याकडे जागेचा कागद अजून या पोरीच्या पणजोबांच्या नावावर. समोरच्या रस्त्याचा खटला आजोबांच्या काळातला. तो चालवणारा वकील म्हातारा होऊन मेला, आता त्याचा मुलगा तारखा घेतो.

आणि आमच्याकडे दहाचा नियम. कारखान्यात नऊ माणसं असली तर तीन दाखले पुरतात. दहावा आला की अकरा लागतात. म्हणून आमच्या अख्ख्या गल्लीत प्रत्येक कारखान्यात नऊच माणसं. मोजून नऊ. कुणाला कामावर घ्यायचं तर आधी कुणीतरी मरावं लागतं किंवा रुसावं तरी.

अशात मला माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम आलं. होड्यांच्या इंजिनांचे लांब दांडे, तीनशे नग. गल्लीत एवढा लांब दांडा धरणारा मी एकटा. मला वाटलं, आता कळेल पलीकडच्याला. पण त्या कामाला चौदा माणसं हवी होती.

युक्ती धाकट्याच्या बायकोने काढली. "अहो, मधोमध भिंत घालू. अर्धा कारखाना तुमच्या नावावर, अर्धा माझ्या. सात तुमचे, सात माझे."

"अगं, पण म्हातारा बरोबर मध्ये बसलाय. काँक्रीटमधून उपटला तर पुन्हा सरळ बसायचा नाही."

"मग भिंतीला भोक ठेवा."

ठेवलं. माझं डोकं नवऱ्याच्या कारखान्यात, शेपूट बायकोच्या. दांडा घट्ट झाला का, हे भोकातून ओरडून विचारायचं. एकदा धाकटा ओरडला, "जरा सैल कर गं," तर पलीकडून उत्तर आलं, "शेजारच्या कारखान्याच्या मालकिणीला गं म्हणता? रीतीने बोला." दोन्हीकडची चौदा माणसं हसली. सव्वीस दांडे झाले. तेवढे दिवस मी जुळ्याला विसरलो होतो.

मग आमच्याकडचा तपासणीचा साहेब आला. चांगला माणूस, चहासुद्धा स्वतःच्या थर्मासमधला प्यायला. दोन्ही बाजूंनी फिरला, भोकातून वाकून पाहिलं आणि फॉर्म काढला. "यंत्र कुणाच्या कारखान्यात लिहू? तुमच्यात लिहिलं तर बाईंकडे यंत्रच नाही, मग तो कारखाना नाही. बाईंच्यात लिहिलं तर तुमचा नाही."

"अर्धं अर्धं लिहा साहेब."

"अर्ध्याचा रकाना नाही हो."

खरंच नव्हता. तो रकाना वरच्या कचेरीकडून मागवतो म्हणाला आणि तोवर माझ्या जबड्यावर सुतळी बांधून लाखेचं सील ठोकलं. याला चार वर्षं झाली. रकाना अजून यायचाय. चौदा माणसं पांगली. उरलेले दांडे कुणी केले विचारा. त्याने. माझ्या जुळ्याने. माझ्या तोंडचे दोनशे चौऱ्याहत्तर दांडे त्याने खाल्ले.

वर थोरल्याने फोटो पाठवला. जुळ्याला हिरवा रंग दिलेला, पितळी चाकं चमकतायत. धाकट्याने तो फोटो कुठे लावावा? माझ्याच डोक्यावर, भिंतीला. रोज त्याच्याकडे बघायचा आणि एके दिवशी माझ्या अंगावर थाप मारून म्हणाला, "त्याच्या लोखंडात बरकत आहे. याच्या लोखंडातच खोट आहे." बायको म्हणाली, "लोखंडाने तुमचं काय वाकडं केलंय?" त्याने ऐकलं नाही. मी ऐकलं. सील तोंडाला होतं, कानाला नव्हतं.

दोन महिन्यांपूर्वी थोरल्याचा निरोप आला, जुन्या लेथवर जाणता हात हवा, ये. धाकटा गेला. माझ्यावर शिकलेला हात आता त्याच्या अंगावरून फिरतो, त्याला तेल देतो. जाताना खिळ्यावरची माझी चावीही नेली. जबडा आवळायची चावी, माझ्याबरोबरच घडलेली. कारण जुळ्याच्या चावीचं टोक काम करून करून गोल झालं होतं. माझ्या चावीचं टोक, कामच कमी म्हणून, अजून चौकोनी. माणसांना वाटतं, झिजणं वाईट. झिजायलाही नशीब लागतं.

आज ही पोरगी, थोरल्याची लेक, पूल ओलांडून आली. काकूशी बोलताना मी ऐकलं. "काकू, इथली चावी तिकडच्या लेथला कानससुद्धा न लावता बसली. काकांनी तीनदा काढून घालून पाहिली. मग मी दोन्ही चाव्यांवर कोरलेले लेथांचे नंबर वाचून दाखवले, एकापाठोपाठचे. एकाच भट्टीचं लोखंड आहे, म्हटलं."

"मग काय म्हणाले?"

"चावी हातात धरून नंबरावरून अंगठा फिरवत राहिले."

काकूने पदराने लाखेवरची धूळ झटकली. सील जपावं लागतं, मोडलं तर आणखी एक फॉर्म.

लिही पोरी. लोखंड एकच होतं. हात एकाच बापाने शिकवलेले. फरक खिडकीचा, कोर्टाचा आणि रकान्याचा. जुळ्याचा मी हेवा करतो आणि गंजून भुगा होईपर्यंत करीन, पण त्याने माझं काही चोरलं नाही, हेही लिही. साहेबाची माफी मला नको, तो त्याच्या फॉर्मात माझ्यासारखाच अडकलाय. माफी एकाच माणसाकडून यायची राहिलीय. चावी बसली त्या दिवशी त्याला कळलं आणि तरी तो अजून पुलावरून इकडे आलेला नाही. माझ्या अंगावर थाप मारून मला खोटा ठरवणारा, माझ्यावर हात बसलेला, माझा धाकटा.