खिंडीचा रस्ता

दरवर्षी आमच्या सायकल सहलीचा मार्ग दादाच आखायचा. यंदा त्याच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून नकाशा त्याने पहिल्यांदाच माझ्यापुढे सरकवला. मी मुकाट्याने नदीकाठचा सपाट रस्ता धरला आणि नेहमीच्या वाटेवरचे तिन्ही घाट वगळले.

चष्मा लावून त्याने माझ्या रेघेवरून बोट फिरवलं. "खिंड कुठे गेली गं?"

"तिथे रस्त्याचं काम चालू आहे," मी ठोकून दिलं.

"तुला लहानपणापासून धड खोटं बोलता येत नाही," तो म्हणाला. "डॉक्टरांनी चढ मला बंद केलाय, तुला नाही. माझ्यापायी तू का सोडतेस?"

माझे डोळे भरून आले. त्याने पेन्सिल घेतली आणि स्वतःच्या हाताने रेघ घाटातून वर नेली.

रविवारी मी एकटीच चढले. शेवटच्या वळणावर पाय भरून आले, दोनदा उतरावंसं वाटलं. वर खिंडीत दादा उभा होता. वहिनीने त्याला गाडीतून आणलं होतं. त्याने माझी सायकल धरली.

"चेन कोरडी पडलीय," एवढंच तो म्हणाला, पण हँडल काही त्याने बराच वेळ सोडलं नाही.