करवतीच्या पात्याची रापी

बाबांच्या उजव्या हाताचा अंगठा आखडला. दिवसभर चामडं कापणं आता जमणार नव्हतं. घरात अंगठ्याबद्दल फारसं कोणी बोललं नाही. फळीवर कोण बसणार, यावरच सगळं बोलणं झालं. खिडकीखालच्या त्या जाड फळीवर बॅगांचं सगळं चामडं कापलं जायचं. थोरली लेक वाद्या शिवायची, बकलं ठोकायची, पण फळीवर तिला कधी कोणी बसवलं नव्हतं.

"सोमवारी पुतण्याला बोलावतो. तो बसेल कायमचा," बाबा म्हणाले.

"त्याला? त्याला सरळ रेघ मारता येत नाही!"

"त्याच्याकडे स्वतःची रापी आहे. तुझ्याकडे काय आहे? जीभ."

धाकटी फिसकन हसली. थोरलीनं तिच्याकडे दोऱ्याचं रीळ भिरकावलं.

रापी म्हणजे चामडं कापायची, कडा तासून पातळ करायची सुरी. या घरात उसनी रापी चालत नसे. ज्याची त्यानं करायची, तीही टाकाऊ लोखंडातून. बाबांनी स्वतःची ट्रकच्या कमानपट्ट्याची केली होती. तिला कोणी हात लावला की जेवताना समोरचं ताट ओढल्यासारखं बघायचे.

"सोमवारपर्यंत मी रापी केली तर?"

"तर कड तासून दाखव, आणि बस फळीवर. तो येतोच आहे, दोघांचं बघू."

थोरली तडक भंगारवाल्याकडे गेली. हातात जुनी कानस. प्रत्येक तुकड्यावर ती घासून बघत होती. कानस रुतली की तुकडा फेकून द्यायचा, घसरली की पोलाद कडक.

"किलोवर मिळतंय, घेऊन टाक की. परीक्षा कसली घेतेस?" भंगारवाला करवादला.

"तुमची नाही घेत काका. तुम्ही नापास व्हाल."

शेवटी लाकडाच्या वखारीतून आलेलं मोडक्या करवतीचं पातं तिला पटलं.

कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्यानं ग्राइंडर वापरू दिला. थोरलीला दम कुठला! दाबून धरलं, ठिणग्या उडाल्या, आणि बघता बघता टोक निळं पडलं.

"पाणी गेलं, पोलाद मऊ पडलं," तुकडा बघून बाबा म्हणाले. "आता यानं लोणी काप."

तुकडा गटारात गेला. करवत लांब होती म्हणून बरं. दुसऱ्या वेळी तिनं शेजारी पाण्याचा डबा ठेवला. जरा घासायचं, बोट लावून बघायचं, चटका बसायच्या आत बुडवायचं. हे असलं काम तिच्या स्वभावाला म्हणजे शिक्षाच. पण केलं. बाबांची रापी लांबूनच न्याहाळली आणि हुबेहूब तशीच उतरवली. टोकाचा तिरपा काप तसाच, एकाच बाजूनं दिलेला उतारही तसाच. मुठीला चामड्याची पट्टी गुंडाळली. हातावरचे केस सफाचट होईपर्यंत पाजळली.

सोमवारी सकाळीच चुलतभाऊ हजर. त्यानं आपल्या रापीनं एक कड तासून दाखवली. बरी तासली. थोरलीनं आपली रापी डाव्या हातात घेतली, कारण काम ती डाव्या हातानंच करायची. चामड्यावर टेकवून रेटली, तर पातं सरळ आत बुडालं. भोक! दुसऱ्यांदा, तेच.

"धार झकास आहे गं," चुलतभाऊ म्हणाला. "काकडीला ठेव."

ती रापी त्याच्या पायावरच टाकणार होती. पण नजर त्याच्या हातावर गेली. त्याचा उजवा हात, पात्याचा उतार वर, तिरपं टोक बाहेरच्या अंगाला. मग तिनं आपल्या हाताकडे पाहिलं. उतार वर ठेवला तर टोक आतल्या अंगाला, भलतीकडेच.

"बाबा, ही उजव्या हाताची झालीये."

"रापी उजव्याचीच असते."

"कोणी सांगितलं?"

या घरात डाव्या हातानं कोणी चामडं कापलंच नव्हतं. "सोमवार अजून संपला नाही," बाबा म्हणाले.

ती पुन्हा गॅरेजात गेली. उतार पालटला, काप उलट्या अंगाला काढला. रापी बोटभर आखूड झाली. दुपारी परत आली तेव्हा थेट चामड्याचा तुकडा ओढला आणि तासायला घेतला. कांद्याच्या पापुद्र्यासारखी कड सुटत गेली.

"बघू बघू," म्हणत चुलतभावानं रापी हिसकावली. एका दमात भोक पाडलं.

बाबांनी ती घेतली. आखडलेला अंगठा जपत, सावकाश. त्यांच्याही हातून चामडं फाटलं. फाटलेला तुकडा त्यांनी बराच वेळ उलटसुलट केला.

"ही कोणाच्याच कामाची नाही," ते म्हणाले.

"माझ्या आहे."

"तेच म्हणतोय." मग पुतण्याला म्हणाले, "जेवून जा रे."

कोपऱ्यातली नव्या चामड्याची गुंडाळी त्यांनी पायानं तिच्याकडे ढकलली. थोरली फळीवर बसली, गुंडाळी उलगडली, आणि पहिलाच काप घेताना तिचं डावं कोपर भिंतीवर आपटलं. फळी उजव्या हाताच्या माणसासाठी मांडलेली होती.

"दादा, जेवायचं नंतर," ती म्हणाली. "त्या टोकाला धर. फळी फिरवायचीये."