मोरसची पेटी

मित्रांनो, मी फणसाच्या लाकडाची एक जुनी पेटी आहे. माझा जन्म समुद्रापलीकडच्या मोरस, म्हणजे मॉरिशस बेटावर, एका तरुण तेलुगू सुताराच्या अंगणात झाला. ठाण्याला आगगाडी सुरू झाल्यावर काही वर्षांनी कोपरीचे गणू आणि बायजा मिठागरातलं काम सोडून तिथे ऊस तोडायला गेले होते. त्यांची लेक लक्ष्मी तिथेच जन्मली. मोठी झाल्यावर तिने त्या सुताराशीच लग्न केलं. आईबाप गावी परत निघाले, तेव्हा जावयाने त्यांच्यासाठी मला घडवलं.

बोटीवर गणू मला सगळ्यांना दाखवी. "माज्या जावयाची करणी हाय!" ते ऐकून मी फुलून जाई.

पण कोपरीत पाऊल ठेवताच जातीतल्या लोकांनी विचारलं, "पोर झाल्याचा सांगावा आलता, ती कुठं हाय? कुणाला दिली?" परजातीच्या जावयाचं नाव गणूच्या तोंडून निघेना. तो म्हणाला, "तापानं गेली ती."

मग लक्ष्मीचे दिवस घालावे लागले. जातीला जेवण द्यावं लागलं. बायजा तोंडात पदर कोंबून चुलीपाशी बसली होती. मेलेल्या लेकीसाठी रडते आहे, असं बायकांना वाटलं. माझ्यावर गोणपाट पडलं. कुणी चौकशी केलीच तर, "मुंबईत घेतली," असं गणू सांगे. मित्रांनो, मी नुसतं लाकूड. पण ते ऐकताना मलाही लाज वाटे.

अशी बरीच वर्षं गेली. एके दिवशी सकाळी आंबिवलीचा भिवा दारात उभा राहिला. तो मोरसहून नुकताच आला होता आणि परत जाण्यासाठी सोबत शोधत होता. ओटीवर चार माणसं बसली होती. त्यांच्यादेखतच तो मोठ्याने म्हणाला, "गणूदादा, तुज्या लक्ष्मीला लेक झाली! आयबाची वाट बघते ती. चल माज्यासंगं."

जातीतले वडीलधारे धाकूबाबा तिथेच होते. "कोन लक्ष्मी?" ते म्हणाले. "जिच्या नावाचं आमी जेवलो ती?"

गणू उठून आत आला आणि माझ्यावर तोंड झाकून बसला. बाहेर बायजाचा आवाज ऐकू आला. "जिती हाय माजी पोर. सुताराला दिली हाय. आमी लाजंपायी तिला मारली."

त्या दिवसापासून आमच्या घरी कुणी पाणी प्यायला आलं नाही. बायजाने मात्र जाण्याची तयारी सुरू केली. गोणपाट काढून तिने मला तेलाने पुसलं. सुकट बांधली, बाळासाठी गोधडी शिवली, आणि एकेक वस्तू माझ्यात रचू लागली. गणू नुसता बघत बसे.

"मी नाय येत," शेवटी तो म्हणाला. "पोरीला काय सांगू? तुजे दिवस घातले म्हनून?"

"तेच सांगायचं," बायजा म्हणाली. "दुसऱ्याच्या तोंडून कळायच्या आदी. त्यासाठीच नेते तुमाला."

निघताना गणूने मला डोक्यावर घेतलं. आळीतली दारं लावलेली होती. ठेसनाच्या वाटेवर कुणा अनोळखी माणसाने विचारलं, "कुठं चाललात?" "लेकीकडं," गणू म्हणाला, पण इतक्या हळू, की ते फक्त मलाच ऐकू आलं.

मोरसला लक्ष्मी बाळाला कडेवर घेऊन धावत आली. गणूने हात पुढे केले नाहीत. अंगणात उभ्याउभ्याच त्याने सगळं सांगितलं. जावयाने हातातला रंधा खाली ठेवला.

लक्ष्मीने विचारलं, "बा, माज्या जेवनात गोड काय केलं व्हतं?"

"लापशी," गणू कसाबसा म्हणाला.

बाळाला लक्ष्मीने त्याच्या हातात दिलं नाही. माझं झाकण उघडून आतल्या गोधडीवर निजवलं. मग म्हणाली, "बस इथं. ती जागी झाली, की तू तिचा कोन ते तूच तिला सांग."

मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तूंना जपा, त्यांना तेलपाणी करा. पण त्या कुणाच्या हातच्या आहेत, हे सांगायलाही लाजू नका. त्या दुपारी बाळ जागं होईपर्यंत गणू माझ्याशेजारी मान खाली घालून बसून होता.