सव्वा इंच

नाना गेल्यावर त्यांची राजदूत दीड महिना गोठ्याच्या भिंतीला टेकून उभी होती. दहाव्याच्या दिवशी मांडवाला जागा करायला कुणीतरी ती ओढली आणि तिच्या डबल स्टँडचा एक पाय वरच्या बाजूला मोडला. साइड स्टँड तिला नव्हताच. नाना, माझे वडील, पशुधन पर्यवेक्षक होते. लोक त्यांना डॉक्टरच म्हणत. गाईंच्या रेतनासाठी लागणारं द्रव नायट्रोजनचं भांडं गाडीला अडकवून ते पाथर्डी तालुक्यातल्या वस्त्या फिरायचे. ते भांडं कलंडून चालत नाही, म्हणून गाडी कायम सरळ उभी राहायला हवी. साइड स्टँड त्यांनी नोकरीच्या पहिल्याच वर्षी काढून टाकला, आणि निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली तरी पुन्हा लावला नाही.

मला ती गाडी हवी होती. का हवी, हे विचारलं असतं तर मला धड सांगता आलं नसतं. कुणी विचारलंही नाही. माझ्या धाकट्या भावानं, कल्याणनं, तिच्यासाठी गिऱ्हाईक बघून ठेवलं होतं. शिर्डीतला एक हॉटेलवाला. तो ती रंगवून दारात साखळ्यांनी टांगणार होता, येणाऱ्याजाणाऱ्यांना फोटो काढायला.

"आतलं तेल काढून घेनार म्हनं," कल्याण म्हणाला. "ठिबकायला नको."

"मी नेते नगरला."

"ताई, तू चालवशील, त्याचं न्हाई म्हनत मी. पन कालेजात लायब्ररीपुढं लावायची झाली तर रोज कुनाला हाका मारनार?"

टोमणा खरा होता. बारावीच्या सुट्टीत नानांनी मला ती शिकवली, आणि मी चांगली चालवायची. पण स्टँडवर मी ती कधी लावली नाही. फेरी मारून अंगणात यायचं, इंजिन बंद करायचं आणि गाडीवर बसूनच ओरडायचं, "नाना, स्टँड!" ते यायचे. एक हात हँडलला, एक मागच्या कॅरिअरला, पाय स्टँडवर, आणि गाडी वर. ताकदीचं काम नाही, वजनाचं आहे, एवढंच म्हणायचे. गेल्या दिवाळीतसुद्धा मी तशीच ओरडले होते. मी सेहेचाळीस वर्षांची, ते चौऱ्याहत्तरचे.

"एकटीनं डबल स्टँडवर लावून दाखव," कल्याण म्हणाला. "लागली तर तुझी. न्हाईतर पुढच्या रविवारी त्यो टेम्पो घेऊन येतोय."

मी गाडी टेम्पोत घालून भिंगारला नेली.

भिंगारच्या बाजारात गहिनीनाथचं गॅरेज आहे. साठीचा माणूस, जुन्या गाड्यांशिवाय कशाला हात लावत नाही. नानांना तो ओळखायचा. त्यानं नगरमधल्या एका दुकानाच्या माळ्यावरून या गाडीचा कोरा स्टँड शोधून काढला. ग्रीस लावून वर्तमानपत्रात गुंडाळलेला, काळा, एक ओरखडा नाही. शनिवारी कॉलेज सुटल्यावर मी गेले तेव्हा तो मोडक्या स्टँडची पिन ठोकून काढत होता. पिन गंजून बसली होती. रॉकेल ओतायचं, थांबायचं, ठोकायचं. मला वाटलं होतं मी अर्धा तास थांबून निघेन. पण बघत बसले. पुस्तकांत आयुष्य गेलेल्या माणसाला दुसऱ्याचं हातातलं काम कितीही वेळ बघता येतं.

नवा स्टँड जागेवर बसला, पिन गेली, राहिली स्प्रिंग. ती इतकी ताठ की दोघांनी ओढली तरी हूकपर्यंत येईना.

"सोडा," गहिनीनाथ म्हणाला. "हिला ओढायचं नसतंय. हिला फसवायचं."

त्यानं स्प्रिंग शिकंज्यात धरून एका बाजूला वाकवली. वाकल्यावर बाहेरच्या अंगाला वेढ्यांमध्ये फटी पडल्या. प्रत्येक फटीत त्यानं एकेक वायसर, पातळ लोखंडी चकती, सरकवला. मग उलट्या बाजूला वाकवून तिकडंही तेच. शिकंज्यातून काढली तेव्हा स्प्रिंग आपोआप दोन बोटं लांब झालेली. दोन्ही टोकं त्यानं नुसत्या बोटांनी हूकवर चढवली. मग पायानं स्टँड खाली दाबला, स्प्रिंग ताणली आणि सगळे वायसर टणाटण फरशीवर पडले.

"परत एकदा करून दाखवा," मी म्हणाले.

"परत?"

"मला दुसरी बाजू नीट दिसली नाही."

तो हसला. "डॉक्टरांचीच लेक. त्येबी असंच. कारब्युरेटर खोलला की मुंडकं आत."

पण त्यानं काही परत करून दाखवलं नाही. "आता लावा स्टँडवर," म्हणाला.

मी नानांसारखे हात ठेवले, पाय ठेवला, सगळं वजन टाकलं. गाडी थोडी उचलली आणि परत खाली आली. पाच वेळा. सहाव्या वेळी चप्पल सटकली आणि नडगीला लागलं.

"सरका," गहिनीनाथ म्हणाला. त्यानं लावली, पण दात खाऊन. मागचं चाक जमिनीपासून चांगलं वर गेलं. तो धापा टाकत बघत राहिला. "लई उंच हाय की ह्यो. डॉक्टर कसं लावायचे ओ ह्या वयात?"

"वजनानं."

"कसलं वजन? काठीवानी मानूस."

ते मला तोवर सुचलंच नव्हतं. नाना शेवटच्या वर्षी खूप वाळले होते. गहिनीनाथला दात खाऊन लावावी लागली ती गाडी दिवाळीत त्यांनी सहज लावली होती, माझ्या डोळ्यांदेखत.

मोडका स्टँड पोत्यावर पडला होता. मी तो उचलून नव्याशेजारी धरला. जुना आखूड होता.

"झिजलाय," गहिनीनाथ म्हणाला. मग त्यानं चिंधीनं स्टँडच्या एका पायावरचा चिखल आणि ग्रीस पुसलं आणि तो उजेडाकडं धरला. उसाच्या कांड्याला पेरं असावीत तसे त्या पायाला तीन जोड होते. दुसऱ्या पायालाही तीन, त्याच उंचीवर.

"झिजला न्हाई. कापलाय. मधनं तुकडा काढायचा आन् परत जोडायचा, म्हंजी खालचा पंजा हाय तसाच ऱ्हातो. बगनाऱ्याला कळत न्हाई. तीनदा केलंय." त्यानं नखानं एकेक जोड खरवडला. वरचे दोन काळे पडले होते, त्यांच्यावर रंगाचे थर होते. खालच्यावर रंग एकच, तोही ब्रशानं लावलेला. "ह्यो वर्साच्या आतला."

त्यानं नव्या स्टँडशी ताडून पट्टीनं मोजलं. सव्वा इंच कमी.

मी तिथूनच आईला फोन लावला.

"आई, नानांनी गाडीचा स्टँड कापून घेतला होता का?"

"मला काय म्हाईत गाडीचं?" मग म्हणाली, "आखाडात मिरीला गेलते बग. पिशवीत कायतरी जड लोखंडाचं. म्हनले, बाजाराला जातो, भाजी आनतो. मी म्हनलं, गाडी घेऊन जावा की. तर न्हाई, यष्टीनं गेले. सांजच्याला आले तर भाजी न्हाई न् काय न्हाई. लई बोलले मी त्यांना."

"मग?"

"मग काय? हासले."

"त्याच्या आधी कधी असं?"

"खांद्याला गाईनं लाथ मारल्ती त्या साली एकदा. आन् आपरेशन झाल्यावर एकदा. दोनी बारीला हात हालवत आले. म्या म्हनलं मानसाला इसरायला झालंय." मग तिनंच विचारलं, "का गं?"

"काही नाही. उद्या सांगते."

गहिनीनाथ स्टँडकडं बघत होता. आमच्या तिसगावातही वेल्डिंगवाला आहे, आमच्या वस्तीपासून चालत दहा मिनिटांवर. नाना मात्र स्टँड पिशवीत घालून एसटीनं पार मिरी गावाला गेले होते.

"कापू का ह्यो पन?" गहिनीनाथनं विचारलं. "नव्या मालाला करवत लावायचं माझं मन न्हाई. पन तुमची गरज हाय."

"किती कापावा लागेल?"

"त्ये तुमच्यावर हाय."

आम्ही ते शोधून काढलं. जॅकखाली घालायला त्याच्याकडं पाव इंची प्लायचे तुकडे होते. मागच्या चाकाखाली एक तुकडा घातला की गाडी पाव इंच आधीच वर. म्हणजे स्टँड पाव इंच कापल्यासारखाच. एक घातला, लागली नाही. दोन घातले, गाडी अगदी काठापर्यंत आली, क्षणभर विचार केल्यासारखी थांबली आणि माघारी गेली. तीन घातले आणि पायाखालून काहीतरी सुटल्यासारखं झालं. गाडी मागं सरकून वर बसली. खट्ट असा आवाज आला, जो मी आयुष्यभर गाडीवरून उतरल्यावर पाठीमागून ऐकला होता.

"पाऊन इंच," गहिनीनाथ म्हणाला.

मला पाऊण लागत होता. नानांना सव्वा लागला होता. दिवाळीत मी अंगणात बसून ओरडले तेव्हा ते माझ्यापेक्षा अर्ध्या इंचानं दुबळे होते. आणि त्यांच्या त्या स्टँडवर मीसुद्धा गाडी सहज लावली असती. मी पायच ठेवून बघितला नाही. ते ओट्यावरून उठून आले होते, पायात चप्पल घालून.

गहिनीनाथनं चहा मागवला होता आणि तो माझ्यापुढं निवला होता.

"कापू? कापला तर कुनाला कळनार न्हाई."

"नको," मी म्हणाले. "ते तीन तुकडे एकत्र ठोकून द्या."

रविवारी सकाळी मी करंजीचा घाट चढून तिसगावला गेले. गाडी छान चालली. अंगणात शिरले तेव्हा आई ओट्यावर शेंगा फोडत होती, कल्याण चहा पीत होता. हॉटेलवाला अकरापर्यंत निघतो म्हणाला होता.

मी इंजिन बंद करून उतरले. एका हातानं गाडी धरून पिशवीतून फळी काढली, मागच्या चाकापुढं टाकली आणि गाडी ढकलून चाक तिच्यावर चढवलं. मग पाय ठेवला. पहिल्याच फटक्यात लागली.

"हे काय?" कल्याण उठला. "फळी घालून कुनीबी लावंल. नाना घालत हुते का कधी फळी?"

मला उत्तर माहीत होतं. एका वाक्यात तो गप्प झाला असता, आणि गाडी माझी झाली असती.

"नाही," मी म्हणाले. "नाना नव्हते घालत."

"मग?"

"मी घालते."

"ह्ये मी धरत न्हाई, ताई. ठरल्तं काय? एकटीनं."

"एकटीच आहे की मी."

"फळी धरून दोघी!"

"कल्याण," आई शेंगांवरची नजर न काढता म्हणाली, "तू लाव बरं बिगर फळीची."

"त्याला काय लागतंय?"

त्यानं गाडी खाली घेतली, फळी पायानं बाजूला सारली, बाह्या मागं सारल्या. तो माझ्याहून तीन वर्षांनी लहान आणि दीडपट जाड आहे. पहिल्यांदा गाडी हललीच नाही. दुसऱ्यांदा अर्ध्यावर येऊन परत गेली. तिसऱ्यांदा त्यानं "हुंऽऽ" केलं, शेजारच्या वस्तीवरचं कुत्रं भुंकलं, आणि गाडी पुन्हा खाली.

"चहा निवतोय तुझा," आई म्हणाली.

"नवा हाय म्हनून. बसला न्हाई अजून." तो मनगट चोळत उभा राहिला. जरा वेळानं गाडीकडं बघतच म्हणाला, "ताई, नाना कसं गं लावत आसतील ह्या वयात?"

आता टोमणा नव्हता. मी तोंड उघडलं. आईनं तेवढ्यात माझ्याकडं बघितलं. कालपासून तिनं मला फोनचं काही विचारलं नव्हतं.

"त्यांचं त्यांनाच ठाऊक," ती म्हणाली.

कल्याणनं वाकून फळी उचलली, उलटसुलट करून बघितली, खिळे बघितले. मग ती चाकाखाली घातली आणि पाय ठेवला. गाडी वर गेली. एक हात सीटवर ठेवूनच त्यानं दुसऱ्या हातानं खिशातून फोन काढला.

"शेठ, निघाला का?... न्हाई, न्हाई, निघू नका. गाडी घरातच ठिवतोय आमी." पलीकडचा बराच बोलला. "आवो तुमी दुसरी बगा की, लई मिळत्यात," म्हणून त्यानं फोन ठेवला.

"हिला भोक पाडून दोरी बांधू," फळीकडं बोट करून तो मला म्हणाला. "म्हंजी गाडी लागली की दोरीनं वडून घ्यायची. रोज वाकाय नको."

आणि तो दोरी बघायला गोठ्यात गेला.