नवरदेव नसलेला मांडव

शकूची वाचा गेली तेव्हा सुकापुरात एका घरी हळदीचा मांडव उभा राहिला होता आणि त्या घरची माणसं धावत तिच्या नवऱ्याच्या, आनंदाच्या, दारात आली होती. तिच्या तब्येतीची चौकशी त्यांनी केलीच, पण डोळ्यांत दुसराच प्रश्न होता: आता लग्न लावणार कोण?

शकू धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात भटजी आपल्या वेळेला येतो, पण त्याच्या कितीतरी आधी धवलारीण येते. मांडवाची मेढ रोवण्यापासून नवरी सासरचा उंबरा ओलांडेपर्यंत प्रत्येक विधीचा वेगळा धवला, म्हणजे चालीवर म्हणायच्या ठरलेल्या ओळी, असतो, आणि तो म्हटल्याशिवाय विधी पुढे सरकत नाही. धवलारणी कायम दोघी. एकीनं ओळ टाकायची, दुसरीनं ती झेलायची. शकूची जोडीदारीण गंगाबाई. दोघींनी मिळून आसपासच्या किती घरांत सुना आणल्या, याचा हिशेब कोणी ठेवला नव्हता.

त्या सकाळी शकू विळीवर मांदेली साफ करत होती. आनंदा पलीकडे पेपर वाचत बसला होता. मासा तिच्या हातून निसटला, तिनं उचलला, पुन्हा निसटला. "झोपली नाय का रात्री?" त्यानं विचारलं. तिनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि अर्धं तोंड खाली ओघळलं.

पनवेलच्या डॉक्टरांनी नंतर समजावून सांगितलं, की दोष मुळात हृदयाचा होता. वरचे कप्पे ठोके द्यायचे सोडून नुसते थरथरत होते. तिथं रक्त साचलं, त्याची गुठळी झाली आणि ती वाहत मेंदूच्या डाव्या बाजूला जाऊन अडकली. आता रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज घ्यायची, चुकवायची नाही. हात सुधारेल. बोलणं किती सुधारेल, ते सांगता येत नाही.

हात सुधारला. शकू भाकऱ्या थापायला लागली. बोलणं मात्र एका शब्दावर येऊन थांबलं. तिच्यापाशी "नाय" तेवढा उरला होता. पाणी हवं का विचारलं की "नाय" म्हणून हात पुढे करायची. नको असलं तरी "नाय"च. आनंदा तिचा हात बघून अर्थ लावायला शिकला होता. कधी चुकायचा, मग ती कपाळावर हात मारून घ्यायची. तिला सगळं समजत होतं, आणि तेच त्याला बघवत नव्हतं.

मुलगा भावेश जेसीबीच्या धंद्यात होता. चार बिल्डरांमध्ये ऊठबस असल्यानं त्याच्या कानावर नवनवीन गोष्टी यायच्या. दिवाळीनंतर एके दिवशी तो घरी आला तो मुंबईच्या एका क्लिनिकचं चकचकीत पुस्तक घेऊनच.

"स्टेम सेल," तो म्हणाला. "कमरेच्या हाडातून काढतात, साफ करतात आणि मणक्यातून आत सोडतात. त्या पेशी मेंदूत जाऊन नवीन मेंदू बनवतात. पुढच्या सोमवारचा नंबर मिळालाय. बाबांची सही लागेल."

धाकटी हेतल जेवता जेवता थांबली. ती एम. एस्सी. झालेली, खारघरच्या एका प्रयोगशाळेत कामाला होती आणि रोज त्याच पेशी वाढवत होती. मागे तिनं आनंदाला मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली होती. काचेच्या बशीत गुलाबी पाण्यात एक फिकट ठिपका आपला आपण धडधडत होता. "बाबा, या पेशी आधी माणसाच्या कातडीच्या होत्या. त्यांना मूळ अवस्थेत मागे नेऊन स्टेम सेल केलं, मग त्यांच्यापासून हृदयाच्या पेशी केल्या." आनंदा बराच वेळ बघत राहिला होता. शेवटी म्हणाला होता, "तालात हाय गो!"

"दादा, नवीन मेंदू असा बनत नाही," हेतल म्हणाली. "अजून चाचण्या चालू आहेत. फायदा होतो हे कोणी सिद्ध केलेलं नाही."

"तू स्वतः रात्रंदिवस तेच करतेस ना?"

"म्हणूनच सांगते. बशीत धडधडणं वेगळं, आईच्या डोक्यात बोलणं परत येणं वेगळं. उद्या होईलही, कोण जाणे. आज नाही."

"मग आज काय? बघत बसायचं?" भावेशचा आवाज चढला. "तुला रिसर्च करायला वेळ आहे. आईला माझं नाव घेऊन हाक मारता येत नाय, कळतं का?"

शकूनं ताटातली चपाती मोडून त्याच्या पानात टाकली. त्यानं मान खाली घातली.

हेतल आता हळू बोलली. "हाडात सुई घालायची म्हणजे गोळी बंद करावी लागेल. विचारलंस त्यांना?"

"गुरुवारपासून बंद करा म्हणालेत."

"आणि त्या दिवसांत परत गुठळी झाली तर?"

दोघांनी आनंदाकडे बघितलं. सही त्याची होती. तरुणपणी मिठागरावर राबलेला, जमिनी गेल्यावर चाळ बांधून भाड्यावर निवांत झालेला हा माणूस आयुष्यात कधी इतका अडकला नव्हता. पोराचं ऐकावं तर गोळी सुटते. पोरीचं ऐकावं तर बायको "नाय"वरच राहते.

पनवेलच्या मोहल्ल्यातली नशरा आठवड्यातून दोनदा घरी यायची. ती स्पीच थेरपिस्ट होती. गाय, तांब्या, छत्री अशी चित्रं दाखवून शकूकडून शब्द काढायचा प्रयत्न करायची. पहिल्याच भेटीत तिनं विचारलं होतं, "चाचा, चाची गायच्या का? भजन, फिल्मी गाणी, काहीही?"

"नाय. कदीच नाय," आनंदा म्हणाला होता.

हेतलनंही मान हलवली होती. "आई रेडिओसुद्धा लावू द्यायची नाही. डोकं उठतं म्हणायची."

"अच्छा," म्हणून नशरानं चित्रं काढली होती. तेव्हापासून महिने गेले, तांब्या काही शकूच्या तोंडून बाहेर आला नाही.

सहीचा प्रश्न आला त्या आठवड्यातच मागच्या आळीत काळूरामच्या मुलीचं लग्न होतं. शकू आजारी पडल्यापासून आनंदानं एक नियम केला होता: मांडवाच्या वाऱ्याला तिला न्यायचं नाही. जिथं ती पुढे बसायची तिथं आता मुकी होऊन मागे बसणार, हे नको. हळदीच्या दुपारी त्यानं खिडक्या लावून घेतल्या आणि टीव्हीचा आवाज मोठा केला.

दार वाजलं. गंगाबाई होती. नाकात नथ, कपाळावर घाम.

"भावजी, टीव्ही बंद करा आदी. बाजारात आल्यासारं वाटतं. शकूला नेते मी."

"कशाला? तिचा जीव तुटंल तितं."

"आनि माजा तुटतो त्याचं काय? एकटीनं ओली टाकायच्या नि एकटीनंच झेलायच्या, दम नको का घ्यायला? नुसती बाजूला बसू द्या. मना सवय हाय तिच्या खांद्याची."

आनंदा नाही म्हणायला उठला, तर शकूनं केव्हाच चपला घातल्या होत्या.

मांडवात बायका दाटीनं बसल्या होत्या. मध्ये उखळ, मुसळांना हळदीची पानं बांधलेली. गंगाबाईनं शकूला आपल्या डाव्या अंगाला बसवलं, खांद्याला खांदा लावला आणि ओळ टाकली:

"हलद कुटाया बसल्या गो बाया..."

तिनं सवयीनं श्वास घेतला. तेवढ्याच जागेत, ना आधी ना नंतर, शेजारून आवाज आला. जाडसर, थोडा थरथरता.

"मांडवाचे दारी गो, उंबराची छाया."

मुसळं थांबली. गंगाबाई मात्र थांबली नाही. तिनं बघितलंसुद्धा नाही, पुढची ओळ टाकली. शकूनं ती झेलली. डावा हात मांडीवर ताल देत होता. शब्द सगळेच्या सगळे, सुटे, स्वच्छ. आनंदा पुरुषांच्या बाजूनं उठून आला आणि मांडवाच्या खांबाला धरून उभा राहिला. त्याला कोणीतरी खुर्ची दिली, ती त्याला दिसली नाही.

धवला संपला. आनंदा पुढे झाला. "शकू, बोल. काय तरी बोल."

तिनं तोंड उघडलं. ओठ हलले. "नाय," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरले.

दुसऱ्या दिवशी हेतलनं नशराला बोलावून घेतलं आणि मांडवात मोबाइलवर केलेलं रेकॉर्डिंग ऐकवलं. सगळं ऐकल्यावर नशराला हसू आवरेना.

"चाचा! मी विचारलं होतं, गायच्या का. तुम्ही म्हणालात कधीच नाही!"

"मग? गानी कुटं गायची ती? लगीन लावायची," आनंदा खरोखर गोंधळून म्हणाला. "धवला म्हंजे गानं नाय. भटजीला कोन विचारतं का, तू गातोस काय म्हनून?"

नशरानं हेतलकडे बघितलं. हेतलनं तोंड लपवलं. "मलाही सुचलं नाही गं. धवला म्हणजे धवला. एवढं शिकून!"

मग नशरानं समजावलं. बोलण्याचा मुख्य रस्ता मेंदूच्या डाव्या बाजूनं जातो, तो गुठळीनं मोडला. पण चाल आणि ताल सांभाळण्यात उजव्या बाजूचा मोठा वाटा असतो, आणि ती शाबूत आहे. रोजचे छोटे शब्द चालीवर घ्यायचे, डाव्या हातानं ठेका द्यायचा, मग हळूहळू चाल कमी करत न्यायची. काही रोग्यांच्या मेंदूत अशा सरावानंतर उजवीकडची वाट जाड झालेली परदेशातल्या संशोधकांना दिसली आहे. "सगळ्यांना जमत नाही," ती म्हणाली. "आणि महिनोन्महिने, रोज करावं लागतं. पण चाचींकडे तर खजिना आहे!"

ती शकूसमोर बसली, तिचा डावा हात हातात घेतला आणि ऐकलेली चाल गुणगुणायला लागली. शकूनं झटकन हात सोडवून तिच्या तोंडावर ठेवला.

"नाय!"

या वेळी अर्थ लावावा लागला नाही.

"मांडवाबिगर धवला म्हनत नाय," दारात बसलेली गंगाबाई म्हणाली. "घरात, उघड्यावर, उगाच म्हनायचा नसतो. आमच्या शिकवनारनीनं पयल्या दिवशी तेच सांगितलं. मी पन नाय म्हननार."

"खाला, इलाज आहे हा," नशरा म्हणाली.

"असंल. मांडव कुटं हाय?"

हेतल आईला समजवायला गेली, नशरानं दुसऱ्या चाली करून बघितल्या. एक आरती, एक जुनं सिनेमातलं गाणं. शकू ती ओठ मिटून परक्यासारखी ऐकत राहिली. रोज कुणाचं लग्न शोधायचं? आणि चातुर्मासात काय करायचं?

आनंदा ओट्यावर जाऊन बसला. आत टेबलावर क्लिनिकचे कागद होते. गोळी बंद करायचा गुरुवार उद्यावर आला होता. खांबाला धरून ऐकलेला तिचा आवाज त्याच्या कानातून जात नव्हता. वाचा गेली नव्हती तर. घरातच होती, आणि तिच्या दाराला बाहेरून कडी लावून बसलेला माणूस तो स्वतःच होता. खिडक्या लावून, टीव्ही मोठा करून.

संध्याकाळी भावेश आला. "बाबा, सही केली का?"

"टेम्पो हाय का तुझा रिकामा?"

"आहे. का? सोमवारी आईला गाडीतनं नेऊ की."

"सोमवारचं नाय. आता काढ. बांबू आनायचेत."

भावेशला कळायला वेळ लागला. हेतलनं त्याला मोबाइलवर मांडवातलं रेकॉर्डिंग लावून दिलं. त्यानं ते उभ्या उभ्या ऐकलं. मग पुन्हा लावलं. "आई आहे ही?" एवढंच म्हणाला. थोड्या वेळानं टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला, पळस्प्याच्या दिशेनं.

सकाळी शकूनं गोळी घेतली आणि अंगणात मांडव उभा राहायला लागला. सगळी आळी बघायला जमली. गंगाबाई कमरेवर हात ठेवून देखरेख करत होती. मेढीला उंबराची फांदी बांधून झाल्यावर ती म्हणाली, "आता सांगा, लगीन कुनाचं?"

आनंदानं हेतलकडे बोट दाखवलं.

"माझं?" हेतल ओरडली. "बाबा, मला पीएच.डी. करायची आहे! अजून दोन-तीन वर्षं तरी मी लग्न करणार नाही."

"मग मांडव दोन-तीन वर्षं राहील," गंगाबाई शांतपणे म्हणाली. "मेढ रोवली म्हंजे लगीन धरलं. मेढीचे नि हलदीचे धवले चालतील. नवऱ्याचे मातर नवरा आल्याबिगर नाय."

"आणि त्या चालीवर 'पाणी दे' म्हटलेलं चालेल?" नशरानं भीतभीत विचारलं.

गंगाबाईनं शकूकडे बघितलं. शकूनं थोडा विचार करून मान डोलावली.

"मांडवात काय पानी मागायला बंदी हाय?" गंगाबाई म्हणाली.

सराव सुरू झाला. सकाळी गंगाबाई, संध्याकाळी हेतल, नशरा तिच्या ठरल्या वारी. पहिले काही आठवडे धवल्याचे शब्द यायचे आणि "पानी"पाशी गाडी अडायची. मग एका सकाळी शकूनं डाव्या हातानं मांडीवर दोन ठोके दिले आणि हळदीच्या चालीवर, सावकाश, "पा-नी... दे," म्हणाली. आनंदा तांब्या आणायला गेला तो आत जाऊन आधी पदरासारखा पंचा डोळ्यांना लावून आला. तोवर तिनं कपाळावर हात मारून घेतला होता.

"भा-वेश" यायला पुढचे कितीतरी दिवस गेले. तो शब्द आला त्या दिवशी भावेश जेसीबीचं काम अर्ध्यावर सोडून घरी आला होता. सगळंच आलं नाही. "तांब्या" अजून येत नव्हता. नशरा म्हणायची, तांब्याशी चाचींचं काही वैर असेल.

मांडवावरची आंब्याची पानं वाळून गळाली, नवीन बांधली गेली. शेजारी नवीन इमारतीत राहायला आलेल्या सुनंदाबाई रोज येता-जाता थबकायच्या. एक दिवस त्यांना राहवलं नाही. कुंपणाशी येऊन त्यांनी विचारलं, "काय हो, केव्हाचा मांडव घातलाय! लग्न कधी आहे?"

आनंदा उत्तर द्यायला उठत होता. शकूनं त्याला हातानं बसवलं. डाव्या हाताचा ठेका मांडीवर पडला, एक, दोन. चाल अगदी बारीक झाली होती, ऐकणाऱ्याला कळलीही नसती.

"घाई..." ती म्हणाली, आणि मग तो जुना शब्द, या वेळी त्याच्या नेमक्या जागी बसवून, "...नाय."